आयरिसचा गड्डा म्हणजे हळदीचं बेणं नव्हे

"दिसतो हळदीसारखा, तर लावायचाही हळदीसारखाच." आयरिसचा गड्डा हातात पडला की आपल्याकडे पहिलं वाक्य हेच निघतं. वसमत, अर्धापूर, औंढा या पट्ट्यात तर हमखास, कारण तिथं गड्डा म्हटलं की हळदीशिवाय दुसरं काही डोळ्यांसमोर येत नाही. मग दिवाळीत हौसेनं मागवलेला आयरिस चार बोटं खोल पुरला जातो, वर शेणखताचा थर बसतो, अडीच-तीन महिन्यांनी भरणीही दिली जाते, म्हणजे बुडाशी आणखी माती चढवली जाते, आणि पुढच्या मृगात तो सडतो. निष्कर्ष ठरलेला असतो : हे फूल मराठवाड्यात होत नाही. इथल्या थंडीत ते किती फुलेल हा खरा प्रश्न आहे आणि त्यावर पुढे बोलूच, पण बहुतेकांच्या आयरिसची थंडीची परीक्षा धड होतच नाही. त्याआधीच आपण त्याला गाडून टाकलेलं असतं.

इथं विषय आहे तो दाढीवाल्या आयरिसचा. फुलाच्या तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली झुकलेल्या आणि खालच्या प्रत्येक पाकळीवर मधोमध केसाळ पट्टा, हीच ती दाढी. मधमाशीला आत जायची वाट ती दाखवते. जांभळा, पांढरा, पिवळा, तपकिरी, दोन रंगांचा, असे याचे असंख्य प्रकार आहेत. उंच जातींचा दांडा 70 सेंटीमीटरच्या वर जातो, बुटक्या जाती वीतभरच राहतात.

हळदीबद्दल तुम्हाला वेगळं सांगायची गरज नाही. दोघांमधले वरवरचे फरकही पटकन उरकता येतील. हळद आल्याच्या कुळातली, आयरिस केशर आणि ग्लॅडिओलसच्या कुळातला. हळदीचं पान रुंद, कर्दळीच्या वळणाचं. आयरिसचं तलवारीसारखं चपटं, आणि सगळी पानं एकाच पातळीत पंख्यासारखी पसरलेली. या पानांमुळे काहींना ते वेखंड वाटतं. पान चुरगाळून बघा, वेखंडाला उग्र वास येतो, आयरिसला येत नाही. वेखंडाला पाण्यात पाय बुडवून उभं राहायला आवडतं, आयरिसला नाही. एवढं पुरे.

आणखी एक घोळ मात्र विकणारे लोक घालतात, त्याची मला खरोखर चीड आहे. डच आयरिस म्हणून एक वेगळा प्रकार मिळतो. त्याचा खरा कंद असतो, छोट्या कांद्यासारखा, कागदी सालीचा. तो चार इंच खोल लावायचा असतो. दाढीवाल्या आयरिसला कांदा नसतोच, त्याचा आल्यासारखा आडवा गड्डा असतो. तरीही दोघांच्या पाकिटात एकच चिठ्ठी घातलेली असते, "चार इंच खोल लावा, नियमित पाणी द्या" म्हणून. पाकीट उघडल्यावर आधी आत काय आहे ते बघा. कांदा असेल तर चिठ्ठी बरोबर आहे. गड्डा असेल तर चिठ्ठी फाडून टाका.

आता मूळ मुद्दा.

हळदीत आपल्याला हवं असतं ते मातीखालचंच. पानं असतात ती गड्डा पोसण्यासाठी. जेठ्या, म्हणजे मधल्या मुख्य गड्ड्याच्या बगलेतून फुटवे निघतात, त्यांची हळकुंडं आजूबाजूच्या मातीत शिरत जातात. त्यांना भुसभुशीत माती मिळावी म्हणून आपण गादीवाफा करतो, अडीच-तीन महिन्यांनी भरणी देतो. गड्डा उघडा पडला तर उन्हानं हिरवा होतो, शिवाय कंदमाशीला अंडी घालायला आयती जागा मिळते. म्हणून मुरलेल्या हळदकऱ्याला उघडा गड्डा दिसला की त्याचा पाय आपोआप त्यावर माती ओढतो. सवय चांगली आहे. ती हळदीच्या रानातच ठेवायची.

आयरिसचा गड्डाही हळदीसारखंच अन्न साठवणारं खोड आहे, पण ते मातीत शिरत नाही, मातीवर सरपटतं. पोटाकडून मुळं खाली जातात, एका टोकाला पानांचा पंखा असतो आणि त्या पंख्याच्या दिशेनं गड्डा दरवर्षी थोडाथोडा पुढे सरकतो. त्याची पाठ उघडी हवी, कोरडी हवी. डबक्यात बसलेल्या म्हशीची पाठ जशी पाण्याच्या वर दिसत राहते, तसा हा गड्डा मातीत बसवायचा.

प्रत्यक्ष लावताना खड्डा उथळ घ्या आणि त्याच्या मधोमध मातीचा छोटा वरंबा करा. गड्डा त्या वरंब्यावर आडवा ठेवा आणि मुळं दोन्ही बाजूंनी खाली सोडा. हळदीचं बेणं लावताना आपण मुळं काढून साफ करतो, इथं तसं करायचं नाही. ती मुळं म्हणजे या झाडाच्या मेखा आहेत. ती वाकडीतिकडी कोंबू नका, दोन्ही उतारांवर मोकळी पसरू द्या आणि मग माती लोटून हातानं घट्ट दाबा. दाबल्यावर गड्ड्याची पाठ दिसली पाहिजे आणि झाड बोटानं ढकललं तर डळमळता कामा नये. या दोन्ही गोष्टी एकदम साधायला वरंबाच लागतो. वरंबा न करता गड्डा नुसता मातीवर ठेवला की तो पडतो, मग माणूस घाबरून माती ओढतो आणि पुन्हा हळद सुरू होते. पानं लांब असतील तर वीतभर ठेवून वरची कापून टाका, म्हणजे मुळं धरेपर्यंत वाऱ्यानं झाड हलणार नाही. पंख्याचं तोंड ज्या बाजूला असेल तिकडे फूटभर जागा मोकळी ठेवा. पुढची वाढ तिथं होणार आहे.

पाठ झाकली तर काय बिघडतं? एक म्हणजे खोल गेलेला आयरिस पानं काढत राहतो, पण फुलत नाही. दुसरं जास्त गंभीर आहे. पानांचा पंखा जिथं गड्ड्याला चिकटतो त्या बेचक्यात ओल साचून राहते आणि तिथून जिवाणूंची सड शिरते. वरून झाड बरं दिसत असतं. एक दिवस बाहेरचं पान पिवळं पडतं, हलक्या हातानं ओढलं की बुडापासून सुटून येतं, आणि गड्ड्यावर अंगठा दाबला तर तो लोण्यासारखा आत जातो. वास असा येतो की तो पुन्हा ओळखायला चुकत नाही.

इथंही हळदीचा अनुभव आड येतो. हळदीच्या कंदकुजीमागे बहुतेकदा पिथियमसारखी बुरशी असते, म्हणून आपण बुरशीनाशकाची आळवणी करतो, म्हणजे ते पाण्यात मिसळून बुडाशी ओततो. आयरिसची ही सड जिवाणूंची. तिच्यावर ती आळवणी म्हणजे सडत्या गड्ड्याला आणखी पाणी पाजणं. गड्डा उपटा, मऊ झालेला भाग चमच्यानं खरवडून टणक, पांढरट गर लागेपर्यंत साफ करा, दोन-तीन दिवस हवेशीर जागी सुकू द्या आणि नव्या, कोरड्या जागी लावा. एवढ्यानं बरेच गड्डे वाचतात.

"पण हळदीलाही पाण्याचा निचरा लागतोच की," असं इथं कुणीतरी म्हणतं. लागतो, बरोबर आहे. हळदीच्या रानात पाणी साचलं तर तीही जाते. पण निचरा होणाऱ्या ओलसर मातीत पुरलेली हळद खूश असते, आणि त्याच मातीत पुरलेला आयरिस आजारी पडतो. नुसता निचरा चांगला केला म्हणजे भागलं, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. मातीतलं पाणी निघून जाणं वेगळं आणि गड्ड्याची पाठ हवेत असणं वेगळं. आयरिसला दोन्ही लागतं. काश्मिरात आयरिस कबरींवर आणि जुन्या घरांच्या मातीच्या छपरांवर पिढ्यान्‌पिढ्या वाढत आला आहे. उतारावरची पातळ माती त्याला पुरते.

आता आपल्या हवेचं. थंड देशांतली पुस्तकं सांगतात की गड्डा उन्हात भाजू द्या. ती सूचना मराठवाड्यात जशीच्या तशी उचलायची नाही. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर असताना उघडा गड्डा खरंच भाजतो, सुरकुततो. गरम प्रदेशातले बागवाले म्हणूनच पाठीवर मातीचा अगदी पातळ थर देतात, अर्ध्या इंचाचा, बोटानं पुसला तर गड्डा दिसेल इतकाच. ती भरणी नव्हे. त्याहून चांगला उपाय कुंडीचा आहे. सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी भिंतीची सावली पडेल अशी जागा उन्हाळ्यापुरती द्या. थंडीत मात्र त्याला निदान सहा तास थेट ऊन हवं. आंब्याच्या सावलीत हळद चालते, आयरिस चालत नाही.

काळी माती हा आपला दुसरा अडथळा. ती चुनखडीची, थोडी अल्कधर्मी असते, आणि त्याबद्दल आयरिसची विशेष तक्रार नसते. तक्रार असते ती पावसात फुगून चिकट होण्याची आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडण्याची. नुसत्या काळ्या मातीत तो लावूच नका. निम्मा चाळलेला मुरूम मिसळा आणि वाफा जमिनीपासून आठ-दहा इंच उचला. मुरुमासाठी कुठं लांब जावं लागत नाही, आणि आयरिससाठी विकतच्या कोकोपीटपेक्षा तो कितीतरी बरा. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, इथं आपल्याला नेमकं उलटं हवं आहे. ताजं शेणखत आणि युरिया टाळा. हळद खादाड आहे, तिला ते मानवतं. आयरिसला जास्त नत्र मिळालं की गड्डा पोचट वाढतो आणि सडीला बळी पडतो. पूर्ण कुजलेलं खत थोडंसं, तेही गड्ड्याला न चिकटवता.

वेळापत्रक तर सरळ उलटंच आहे. हळद अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंत लागते, पावसात वाढते, थंडी संपता संपता पानं वाळवते. आयरिस आपल्याकडे लावायचा तो हस्ताचा पाऊस सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास. त्याची वाढ थंडीतली. उन्हाळ्यात तो सुस्तावतो आणि पावसाळा त्याला फक्त निभावून न्यायचा असतो. जूनमध्ये कुणी आयरिसचे गड्डे विकत असेल तर घेऊ नका, कितीही स्वस्त असोत. गड्डा लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्या, मग वरची दोन इंच माती सुकल्याशिवाय देऊ नका. हळदीच्या ठिबकच्या नळीवरच आयरिसची कुंडी जोडणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून ती जोडू नका.

बेणं निवडतानाही हळदीचा नियम उलटा होतो. हळदीत जेठा गड्डा सर्वांत चांगलं बेणं मानतात. आयरिसमध्ये एकदा फुललेला गड्डा पुन्हा फुलत नाही. त्याच्या बगलेतून येणारी नवी पिलं पुढच्या हंगामात फुलतात. तीन-चार वर्षांनी जुडगा दाटला की तो खोदून काढायचा, पंखा असलेले टणक बगलगड्डे सोडवून लावायचे आणि मधला बिनपानांचा, सुरकुतलेला म्हातारा गड्डा टाकून द्यायचा. जाडजूड दिसतो म्हणून नेमका तोच शेजाऱ्याला देतात, आणि शेजारी वर्षभर त्याला पाणी घालत बसतो. दर वर्षी खोदायचीही गरज नाही. हळद नऊ महिन्यांत काढतो म्हणून आयरिसही काढून बघण्याचा मोह आवरा.

राहिली थंडी. दाढीवाल्या आयरिसला कळी धरायला हिवाळ्यात चांगला गारठा लागतो. परभणीत काही वर्षी पारा पाच अंशांच्या खाली उतरतो खरा, पण तो पहाटेपुरता, आणि दुपारी पुन्हा ऊन तापतं. त्यामुळे पानं जोमदार आणि फूल नाही, असं एखादं वर्ष जाणारच. म्हणून जात निवडताना माझा कल स्पष्ट आहे. प्रदर्शनातल्या, झालरीच्या मोठ्या फुलांच्या उंच जातींमागे लागू नका. वर्षातून दोनदा फुलणाऱ्या जाती किंवा जुना साधा जांभळा आयरिस घ्या. आयरिस अल्बिकन्स मिळाला तर सर्वांत आधी तो घ्या. पांढऱ्या फुलांची ही जात मूळची येमेन-अरबस्तानातली, उष्ण आणि कोरड्या हवेला सरावलेली. मुसलमान समाजानं ती कबरींवर लावत लावत दूरदूर नेली. आपला उन्हाळा तिला नवा नाही, फक्त पाऊस तिच्यापासून लांब ठेवावा लागेल.

कुणाच्या वाफ्यात आत्ता चार बोटं खाली गेलेला गड्डा असेल तर पुढच्या हंगामाची वाट पाहू नका. तो उपटायचीही गरज नाही. खुरप्याच्या टोकानं वरची माती बाजूला करत या, गड्ड्याची पाठ दिसली की थांबा, आणि भोवतीची माती उतरती करा म्हणजे पाणी तिथं थांबणार नाही. कुंडीत असेल तर मृगाच्या आधी ती पत्र्याखाली किंवा ओसरीच्या कडेला घ्या, जिथं उजेड येतो पण पावसाची झड येत नाही, आणि पावसाळा संपेपर्यंत तिथंच राहू द्या. त्या काळात दहा-पंधरा दिवसांतून अर्धा तांब्या पाणी, तेही कुंडीच्या कडेकडेनं, गड्ड्यावर नाही.