हलकं काम दिलं, की बाजूला सारलं?

गरोदर सहकारी बाईची रात्रपाळी बंद करणारा साहेब आणि तिला महत्त्वाच्या प्रोजेक्टवरून काढणारा साहेब, दोघंही एकच वाक्य बोलतात: "मॅडम, तुमच्या तब्येतीसाठीच म्हणतोय." म्हणून आभार मानावेत की तक्रार करावी, हे तिलाही पटकन उमगत नाही. साहेबाच्या मनात काय आहे ते शोधत बसू नये. हेतू बहुतेकदा चांगलाच असतो, आणि नुकसान तरीही होतं. त्यापेक्षा दोन साधे प्रश्न विचारावेत: हे मागितलं कुणी? आणि त्यात तिचं काय गेलं?

हे दोन्ही प्रश्न कायद्याच्या मांडणीतच आहेत. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे, पण गाभा तोच राहिला. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीचे सहा आठवडे आणि त्याही आधीचा एक महिना, या काळात कष्टाचं, तासन्‌तास उभं राहण्याचं किंवा गर्भाला अपाय होईल असं काम बाईला लावायचं नाही. मात्र तिने तशी विनंती केली तर. विनंती तिची. आणि असं हलकं काम दिलं म्हणून पगारातून एक रुपयाही कापता येत नाही. बाईला न विचारता सक्ती आहे ती एकाच ठिकाणी: बाळंतपण किंवा गर्भपात झाल्यावरचे सहा आठवडे तिला कामाला लावणं बेकायदा आहे, मग ती स्वतः तयार असली तरी. बाकी सगळीकडे निर्णय तिचा.

आता हा मापदंड लावून बघा. विक्री विभागातल्या बाईने पाचव्या महिन्यात सांगितलं की लांबचे दौरे झेपत नाहीत, आणि कंपनीने तिला तेच ग्राहक फोनवरून सांभाळायला दिले. ही सोय. दुसऱ्या एका बाईने काहीच मागितलं नव्हतं, तरी तिचे तीन मोठे ग्राहक दुसऱ्याकडे गेले, तिला एक्सेल भरायला बसवलं, आणि वर्षअखेरीच्या अप्रेझलमध्ये "ग्राहकांशी संपर्क कमी" असा शेरा आला. हा भेदभाव. पगार तेवढाच होता, पद तेच होतं, पण बढती ज्याच्या जोरावर मिळते ते काम हातातून गेलं. गरोदर म्हणून सरळ काढायचं नसेल, तर असंच हळूहळू रिकामं करतात.

संरक्षणाची भाषा बोलणाऱ्या नियमांचा इतिहास आपल्याकडे जुना आहे. एअर इंडियाच्या नियमांत हवाई सुंदरीची नोकरी पहिल्या गरोदरपणातच संपत असे. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये तो नियम रद्द केला. (त्याच निकालात पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र योग्य ठरवली, हे आज वाचताना खटकतं.) १९९१ मध्ये एलआयसीचं प्रकरण आलं. भरतीच्या फॉर्ममध्ये मासिक पाळी आणि आधीच्या गर्भधारणांविषयी प्रश्न होते. परिवीक्षेवरच्या एका कर्मचारी महिलेला बाळंतपणाच्या रजेनंतर माहिती लपवल्याचा ठपका ठेवून काढलं होतं. न्यायालयाने तिला परत घ्यायला लावलं आणि ते प्रश्न काढून टाकायला सांगितले. तरीही २०२१ च्या अखेरीस स्टेट बँकेने तीन महिन्यांहून जास्त गरोदर उमेदवार "तात्पुरती अपात्र" ठरवणारे निकष काढलेच. टीका झाल्यावर जानेवारी २०२२ मध्ये ते स्थगित झाले. बँकेच्या नियमात सोयीचा सूर होता, बाळंतपणानंतर या, असा. पण मागितलं कुणी? कुणीच नाही. आणि गेलं काय? नोकरीचे महिने आणि ज्येष्ठता.

बाळ झाल्यावर हीच गल्लत अंगावर पाजण्यावरून होते. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत रोजच्या विश्रांतीव्यतिरिक्त दिवसातून दोन जादा मधल्या सुट्या त्यासाठी मिळतात आणि त्यांचाही पगार कापता येत नाही. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं. हे हक्क आहेत, साहेबाची मेहेरबानी नव्हे. पण कायद्याने बाळ जवळपास असल्याचं गृहीत धरलं आहे. बाळ घरी असलं तर छाती दुधाने ताठरते, ठणकते, वेळेवर दूध काढलं नाही तर गाठी येऊन ताप भरतो. तेव्हा बाई बाथरूममध्ये किंवा स्टोअररूमच्या दाराला खुर्ची लावून पंप वापरते. तेवढ्या वेळावरून "मॅडम जागेवर नसतात" अशी कुजबुज होते. एक कडी असलेली खोली, एक प्लग आणि फ्रिजचा एक कप्पा यात सगळा प्रश्न सुटतो, म्हणून खर्चाचं कारण मला तरी पटत नाही.

खर्चाचं कारण खरं आहे ते रजेबाबत. पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांचा पगार मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायचा. कामगार विमा योजनेखाली, म्हणजे ईएसआयमध्ये असलेल्या कर्मचारी महिलेला तो योजनेच्या निधीतून मिळतो. छोटे मालक लग्न झालेल्या तरुण मुलीला घ्यायला का कचरतात, याचं एक उत्तर इथे आहे. त्याने भेदभाव योग्य ठरत नाही.

आणखी एक बारकावा. बाई रजेवर असताना तिला काढणं किंवा तिच्या नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या करणं बेकायदा आहे. पण ती कामावर येत असतानाच, समजा चौथ्या महिन्यात, काढलं तर? एरवी ती लाभाला पात्र ठरली असती, तर मातृत्व लाभाचे पैसे बुडत नाहीत, गंभीर गैरवर्तनाचा अपवाद सोडून. नोकरी मात्र या तरतुदीने आपोआप परत मिळत नाही.

म्हणून सोय मागायची ती लेखी, तारखेसह. आणि न मागता सोय देऊ केली तर तेवढ्याच नम्रपणे ईमेलवर विचारायचं: पगार, पद आणि अप्रेझल यांवर परिणाम होणार नाही ना? ज्याने खरंच काळजीपोटी दिली, तो दोन ओळींत "नाही" लिहून मोकळा होतो. रजेवर असताना काढल्याचा किंवा मातृत्व लाभ नाकारल्याचा आदेश हातात पडलाच, तर अपील करायला ६० दिवस असतात, ते त्या दिवसापासून मोजायला सुरुवात करावी.