चोरलेला मजकूर पाखडताना

नाशिकच्या एका महाविद्यालयात पर्यावरण विषय शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीकडे गेल्या सत्रात गोदावरीवरील दोन प्रकल्प तपासायला आले. नदीची लांबी १,४६५ किलोमीटर असताना दोन्हींत १,६४५ छापलेली होती. बरोबर आकडा दोघांचा सारखा येणारच. अंकांची नेमकी हीच अदलाबदल दोघांच्या हातून स्वतंत्रपणे होणे फार अवघड. तरीही संगणकाने एका प्रकल्पात नऊच टक्के साम्य दाखवले होते आणि ‘दहाच्या आत आहे, म्हणजे चोरी नाही’ असे तिला ऐकवले गेले.

हा गैरसमज सार्वत्रिक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे खरे. परंतु ही टक्केवारी साम्य मोजते, चोरी नव्हे. दोन हजार शब्दांच्या प्रकल्पात नऊ टक्के म्हणजे एकशे ऐंशी शब्द, म्हणजेच एक अख्खा परिच्छेद.

हे साम्य सापडते कसे, हा भाग मला विलक्षण सुंदर वाटतो. ‘गोदावरी नदी ब्रह्मगिरीवर उगम पावते’ या वाक्याचे संगणक तीन-तीन शब्दांचे, एकावर एक सरकणारे तुकडे करतो: ‘गोदावरी नदी ब्रह्मगिरीवर’, ‘नदी ब्रह्मगिरीवर उगम’, ‘ब्रह्मगिरीवर उगम पावते’. प्रत्येक तुकड्यापासून ठरलेल्या गणिताने एक संख्या तयार होते. मात्र लाखो दस्तऐवजांच्या सगळ्या संख्या साठवणे परवडत नाही, आणि केवळ दहाने भाग जाणाऱ्या संख्या ठेवाव्यात, तर एखाद्या लांबलचक चोरलेल्या उताऱ्यात तशी एकही संख्या नसण्याचा धोका राहतो. सॉल श्लायमर, डॅनियल विल्करसन आणि ॲलेक्स एकन यांनी २००३ मध्ये यावर जी युक्ती मांडली, तिच्या इंग्रजी नावाचा अर्थच ‘पाखडणे’ असा आहे. समजा, ओळीने ६४, ३८, १२, ९१, ४५, ७०, ८३ या संख्या आल्या. चार संख्यांची चौकट एकेक घर पुढे सरकवायची आणि प्रत्येक वेळी त्यातील सर्वांत लहान संख्या ठेवायची. पहिल्या तीन चौकटींत १२ उरते, चौथीत ४५. सातांपैकी दोनच दाणे सुपात राहिले. तरीही सलग सहा शब्द, म्हणजे चार तुकड्यांची एक पूर्ण चौकट, जसेच्या तसे उचललेले असतील, तर दोन्ही लेखनांत किमान एक संख्या सारखी निघणारच, याची गणिती हमी मिळते.

मराठीत मात्र हे सूप गळते. ‘नदी’चे ‘नदीचा’ झाले की त्या शब्दाला स्पर्श करणारे सगळे तुकडे बदलतात. शिवाय जुन्या श्रीलिपी टंकातील मजकूर आणि युनिकोडमधील तोच मजकूर डोळ्यांना सारखा दिसला, तरी दोन्हींत अक्षरांचे सांकेतिक क्रमांक वेगळे असल्याने संगणकाच्या लेखी त्यांत एकही अक्षर समान नसते.

‘यंत्राने लिहिलेले हमखास ओळखतो’ अशी जाहिरात करणाऱ्या साधनांवर तर मुळीच विसंबू नये. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचे असे साधन जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी असल्याने मागे घेतले. त्याच वर्षीच्या एका अभ्यासात, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध अशा साधनांनी यंत्राचे ठरवले होते. अशा निकालावरून एखाद्या मुलाला दोषी धरणे हा त्याच्यावर उघड अन्याय आहे.

माझ्या मैत्रिणीने या सत्रात प्रकल्पच बदलला आहे. प्रत्येकाने नाशिकमधील नासर्डी नदीच्या आपापल्या पुलाजवळ दर आठवड्याला पाण्याचे तापमान मोजायचे, नोंद त्याच दिवशी पेनाने वहीत करायची, आणि शेवटी तिच्यासमोर बसून आपल्याच वहीतील कोणत्याही एका आकड्याविषयी सांगायचे: त्या दिवशी तो तसा का आला असावा.