व्हिज्युअल इफेक्ट्सच्या पदवीसाठी पोर्टफोलिओ: मुलाखतीआधी हे वाचा

विद्यार्थी आणि पालकांसाठी माहितीपत्रक

बारावीनंतर ब्रिटनमध्ये व्हीएफएक्सची (व्हिज्युअल इफेक्ट्स, म्हणजे चित्रणात संगणकाने बसवलेली दृश्यं) पदवी घ्यायची ठरवलेले विद्यार्थी आमच्याकडे येतात, तेव्हा बोलणं बहुधा सॉफ्टवेअरपासूनच सुरू होतं. माया शिकू की ब्लेंडर? हुडिनी यायलाच हवं का? आमचं म्हणणं असं, की सॉफ्टवेअर विद्यापीठवाले तीन वर्षं शिकवणारच आहेत. प्रवेशाच्या वेळी त्यांना बघायचं असतं ते वेगळंच: प्रकाश, वजन, हालचाल याकडे तुमचं किती लक्ष आहे, आणि जे दिसलं ते तुम्ही कसं उतरवता.

बोर्नमथ विद्यापीठातलं नॅशनल सेंटर फॉर कॉम्प्युटर ॲनिमेशन 1989 पासून हे विषय शिकवतं. हर्टफर्डशर विद्यापीठातही चित्रपट आणि टेलिव्हिजनच्या व्हीएफएक्सची पदवी आहे. प्रत्येक ठिकाणी पोर्टफोलिओ, म्हणजे तुमच्या निवडक कामांचा संच, मागण्याची पद्धत निराळी असते. चित्रं किती, फाइल केवढी, व्हिडिओ चालतो का, हे त्या त्या अभ्यासक्रमाच्या सूचनांमध्ये वाचा आणि मगच कामाला लागा.

आधी वही

आपल्याकडची बरीच मुलं एलिमेंटरी, इंटरमीजिएट ग्रेड परीक्षा दिलेली असतात. प्रमाणपत्रं जरूर जपून ठेवा. वस्तुचित्राच्या सरावाने हात बसलेला असतो, तो आता कामी येतो. स्मरणचित्रं मात्र पोर्टफोलिओत शक्यतो घालू नका. भाजीबाजार, जत्रा, बसस्टॉप यांतली माणसं क्लासमध्ये घोटून पाठ केलेली असतात, आणि ते बघणाऱ्याला लगेच कळतं. ॲनिमेतल्या पात्रांच्या नकला तर नकोतच.

त्यापेक्षा एसटी स्थानकावर जाऊन बसा. दोन-दोन मिनिटांची रेखाटनं करा. बॅगेच्या ओझ्याने एका बाजूला कललेला माणूस, लेकराला कडेवर घेऊन उभी बाई, बाकावर बसल्या बसल्या पेंगणारे आजोबा. भार कुठल्या पायावर आहे, खांदा कुठे खाली गेलाय, एवढं जरी रेषेत आलं तरी चित्र अपुरं असलेलं चालतं. लाइफ ड्रॉइंगची (समोर बसलेल्या माणसाला बघून चित्र काढण्याची) सोय होत असेल तर सोडू नका. शरीराची समज आहे की नाही ते तिथे लगेच उघडं पडतं.

चित्रांचे फोटो दिवसाउजेडी, खिडकीजवळ घ्या. फ्लॅश नको. फोन कागदाला समांतर धरा आणि त्याची सावली कागदावर पडू देऊ नका. कॉन्ट्रास्ट वाढवून पेन्सिलचे करडे थर मारून टाकू नका, सगळी मेहनत त्याच थरांत असते.

एक शॉट, पण पुरा

आमचा सर्वात जास्त आग्रह इथे असतो. स्फोट, ड्रॅगन, अंतराळयानं असलेले दहा अर्धवट शॉट आणण्यापेक्षा पाच सेकंदांचा एकच शॉट नीट करा. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही बहुधा तांब्याचं काम देतो. ओट्यावर खिडकीच्या उजेडात एक पितळी तांब्या ठेवायचा आणि त्याच्या शेजारी संगणकात बनवलेला दुसरा तांब्या असा बसवायचा, की खरा कुठला ते कळू नये.

फोनचं एक्स्पोजर आणि फोकस लॉक करून शूट करा. शटर 1/50 सेकंद ठेवलं तर 50 हर्ट्झ विजेवर चालणाऱ्या दिव्यांची लुकलुक सहसा येत नाही. मग तांब्या उचलून त्याच जागी एक चकचकीत स्टीलची वाटी पालथी ठेवा आणि फोटो घ्या. खिडकी कुठे आहे, ट्यूबलाइट कुठे, समोरच्या भिंतीवरून किती उजेड परत येतोय, हे सगळं तिच्यात दिसतं. करड्या रंगाने रंगवलेला टेबल टेनिसचा चेंडू ठेवून आणखी एक फोटो घ्या, म्हणजे उजेड-सावलीचा मेळ लावायला खूण मिळेल.

आता खऱ्या तांब्याकडे निवांत बघा. तळ ओट्याला टेकतो तिथे बारीक, जवळजवळ काळी रेघ दिसते. तिथून दूर जाताना सावलीची कड मऊ होत जाते. शेजारी हिरवी टाइल असेल तर पोटाच्या खालच्या भागावर हिरवट झाक चढते. चिंचेने घासून घासून पितळेवर आडवे बारीक ओरखडे उठलेले असतात, त्यामुळे चमक एका ठिपक्यात न राहता पसरते. फोनच्या चित्रातला काळा पुरता काळा नसतो, आणि त्यात थोडी कणी (ग्रेन) असते. संगणकातलं चित्र गुळगुळीत येतं, म्हणून तेवढीच कणी त्यावरही चढवावी लागते. यातली एक जरी गोष्ट सुटली तरी दुसरा तांब्या ओट्यावर तरंगल्यासारखा दिसतो. कंपोझिटिंग (वेगवेगळी चित्रं एकात बेमालूम बसवणं) म्हणजे काय, हे या एका कामात जेवढं कळतं तेवढं कुठल्याही ट्यूटोरियलमध्ये कळत नाही, असं आम्हाला मनापासून वाटतं.

कॅमेरा हलता ठेवायचा असेल तर ट्रॅकिंगसाठी (कॅमेरा कसा हलला ते संगणकाला कळावं म्हणून) ओट्यावर टेपचे छोटे तुकडे चिकटवा आणि नंतर चित्रातून पुसून काढा.

भारी संगणक नाही म्हणून अडून बसू नका. दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ थोडी थोडी चित्रित करून काही क्षणांत पडद्यावर दाखवली, ती 1912 च्या सुमारास. तसं टाइमलॅप्स आज फोनवर होतं, आणि नीट केलेलं असेल तर पोर्टफोलिओत ते नक्की शोभतं. ब्लेंडर मोफत आहे. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीतच फ्यूजन हे कंपोझिटिंगचं साधन मिळतं. न्यूक या कंपोझिटिंग सॉफ्टवेअरची बिगरव्यावसायिक आणि हुडिनीची ॲप्रेंटिस आवृत्ती मोफत शिकता येते.

ब्रेकडाउन आणि शोरील

तयार शॉटनंतर तो कसा घडला ते थरांनी दाखवा: मूळ चित्रण, मॉडेल, प्रकाश, सावली, शेवटची रंगजुळणी. शोरील, म्हणजे निवडक कामांचा व्हिडिओ, एक ते दीड मिनिटाची पुरे. सर्वात चांगलं काम पहिलं. नावाची लांबलचक पाटी नको. गटाने केलेलं काम असेल तर त्यात तुमचं नेमकं काय होतं ते तिथेच लिहा. दुसऱ्याचं मॉडेल वापरलं असेल, एआयची मदत घेतली असेल, तर तेही लिहा. व्हिडिओ ‘प्रायव्हेट’ ठेवू नका, ‘अनलिस्टेड’ (लिंक असलेल्यालाच दिसेल असा) ठेवा, आणि लिंक दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर उघडून बघा.

अर्ज

यूकॅसवरून (ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या अर्जांची सामायिक ऑनलाइन सेवा) जास्तीत जास्त पाच पर्याय भरता येतात. 2026 च्या प्रवेशांपासून वैयक्तिक निवेदनाऐवजी तीन प्रश्न आहेत आणि तिन्ही उत्तरं मिळून 4,000 अक्षरांची मर्यादा आहे, मोकळ्या जागा धरून. तेच लिखाण पाचही ठिकाणी जातं, त्यामुळे त्यात एखाद्या विद्यापीठाचं नाव घेऊ नका.

मुलाखत

मुलाखत ऑनलाइन असेल तर वेळ नीट तपासा. हिवाळ्यात ब्रिटन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, मार्चच्या शेवटच्या रविवारनंतर साडेचार तास. फेब्रुवारीत तिथली दुपारी 2 ची वेळ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसात.

हे का केलंत, कुठे अडलात, पुन्हा करायचं झालं तर काय बदलाल, अशा प्रश्नांची तयारी ठेवा. पाठ केलेलं इंग्रजी बोलू नका. साधी, तुटक पण स्वतःची वाक्यं चालतात. एखाद्या चित्रपटातला आवडता शॉट निवडून ठेवा आणि त्यात खरं काय, नंतर बसवलेलं काय, ते समजावता येईल इतका तो बघा. पालकांना विनंती, की मुलाखत चालू असताना खोलीत बसून सुचवू नका. मुलांची नजर कॅमेऱ्यावरून हटते.

आमच्याकडे काय होतं

आम्ही कामं तपासतो, निवडायला मदत करतो, स्कॅन आणि मांडणी करून देतो, सरावाच्या मुलाखती घेतो. विद्यार्थ्याच्या नावाने चित्र किंवा शॉट आम्ही बनवून देत नाही, कितीही घाई असली तरी नाही. अर्ज जानेवारीत द्यायचा असेल तर आदल्या जूनमध्येच या, म्हणजे वह्या भरायला सुट्ट्या मिळतील. पहिल्या भेटीला जुन्या वह्या जशा असतील तशा घेऊन या, अर्धवट पानांसकट, आणि फोनमधलं मूळ चित्रण डिलीट करू नका.