जुना वस्तरा धार लावायला देण्याआधी

आबाजींच्या पत्र्याच्या पेटीतला नाहीतर जुन्या धोकटीतला वस्तरा घेऊन लोक आमच्याकडे येतात आणि धारेचे किती पैसे, असं विचारतात. आम्ही आधी विचारतो, याने दाढी करणार आहात की आठवण म्हणून जपणार आहात?

जपायचाच असेल तर धारेवर पैसे घालू नका. कोरड्या फडक्याने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा, बस्स. रेतीकागदाने तर मुळीच घासू नका. शेपटाजवळ, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या टोकाला, कोरलेली अक्षरं त्याने जातात, आणि वस्तऱ्याचं वय तीच सांगतात. इंग्लंडमधलं शेफील्ड आणि जर्मनीतलं झोलिंगेन ही वस्तऱ्यांची नावाजलेली गावं. 'जर्मनी' असं देशाचं नाव कोरलेलं असेल तर तो बहुधा १८९१ नंतरचा, कारण बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव हवं असा कायदा अमेरिकेने १८९० साली केला.

दाढी करायची असेल तर पातं उन्हात धरून नीट पाहा. पाठीवरच्या काळ्या डागांनी काही बिघडत नाही. धारेलगत गंजाचे खड्डे असतील तर मात्र अवघड आहे. दगडावर पातं झिजलं की आतला खड्डा धारेवर येतो आणि तिथे धार चुरते. धारेला पडलेला बारीक खोंडा, म्हणजे खाच, घासून निघतो, पण पातं तेवढं अरुंद होतं. केसाएवढा तडा दिसला तर आम्ही काम घेत नाही. ते पातं गालावर तुटू शकतं.

पाठही बघा. वस्तरा घासताना पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या असतात, धारेचा कोन पाठच ठरवते. पाठ झिजून रुंद, सपाट झाली असेल तर पूर्वी कुणीतरी तो वाजवीपेक्षा जास्त घासला आहे.

एक विनंती कळकळीने करतो. वस्तरा फिरत्या सानेवर देऊ नका. विळा, कोयता, कुऱ्हाड सानेवर चालतात. वस्तऱ्याचं पातं दोन्ही बाजूंनी पोखरलेलं, धारेशी अगदी पातळ असतं. सानेवर ते क्षणात तापतं, ३०० अंशांच्या आसपास निळं पडतं आणि पोलादाचं पाणी उतरतं. मग कितीही पाजवा, धार टिकत नाही. माझ्या आबाजींचा वस्तरा असाच गेला. बाजारात एकाने 'दोन मिनिटांत देतो' म्हटलं, आणि मी दिला. तो निळा पडलेला वस्तरा अजून दुकानात ठेवला आहे, मागितलात तर दाखवतो.

आम्ही हातानेच काम करतो. खोंडा असेल तर १००० नंबरच्या दगडापासून, पुढे ४०००, ८००० आणि शेवटी १२०००, सगळं पाण्यावर. मग चामड्याचा पट्टा.

तुमचा वस्तरा रोजच्या वापरातला असेल आणि नुसता केस ओढायला लागला असेल, तर आधी घरी पट्ट्यावर पंचवीस-तीस फेऱ्या मारून पाहा. पाठ पुढे, धार मागे, आणि पलटताना पाठीवरूनच पलटा, नाहीतर चामडं कापलं जाईल आणि धारही जाईल. एवढ्याने भागलं तर आमच्याकडे यायची गरज नाही. वर्षानुवर्षं पेटीत पडलेल्या वस्तऱ्याचं मात्र पट्ट्याने भागत नाही.

सलूनवाल्या भावांनी गिऱ्हाइकासाठी अर्ध्या ब्लेडचा वस्तराच वापरावा, दरवेळी नवं ब्लेड घालून. कावीळ बी आणि सी, तसंच एचआयव्ही रक्तातून पसरतात. घरातही एक वस्तरा एकाच माणसाचा असू द्या.

धार लावून नेल्यावर दाढी झाली की पातं लगेच कोरडं करा. साधं पोलाद पावसाळ्यात एका रात्रीत तांबूस होतं. उन्हाळ्यात शिंगाची मूठ आकसून तडकते, म्हणून ती उन्हात ठेवू नका. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठीला कापराचा उग्र वास येऊन पात्यावर गंज चढत असेल, तर तो गंज मुठीमुळेच आहे. तिथे धारेआधी मूठ बदलावी लागते.

आणताना वस्तरा मिटवून, रबर लावून, फडक्यात गुंडाळून आणा. पाहण्याचे पैसे आम्ही घेत नाही. धार टिकणार नाही असं दिसलं तर तो तसाच परत देतो.