शुश्रूषा सहाय्यक (दीर्घकालीन देखभाल)

शुश्रूषा सहाय्यक : वार्धक्य, पक्षाघात, स्मृतिभ्रंश किंवा दीर्घ आजाराने परावलंबी झालेल्या व्यक्तीची रोजची शारीरिक देखभाल करणारा मदतनीस. अंग पुसणे, कपडे बदलणे, भरवणे, कूस बदलणे, शौच-लघवी सांभाळणे आणि प्रकृतीत फरक दिसताच तो परिचारिकेच्या कानावर घालणे ही त्याची मुख्य कामे. प्रशिक्षणाच्या कागदांवर या पदाला ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ म्हणतात. कोल्हापुरात मात्र हाक येते ती ‘मावशी’ किंवा ‘मामा’ अशीच.

एएनएम (दोन वर्षे) आणि जीएनएम (तीन वर्षे) हे परिचारिकांचे अभ्यासक्रम वेगळे. इंजेक्शन देणे, औषधाची मात्रा कमीजास्त करणे, नाकातून पोटात नळी घालणे ही परिचारिकेची किंवा डॉक्टरांची कामे आहेत. घरी एकट्या असलेल्या मावशीवर ती हळूहळू ढकलली जातात, म्हणून ‘हे माझं काम नव्हे’ असे स्पष्ट सांगता येणे हेही मूलभूत ज्ञानातच मोडते.

कोल्हापूरकर ज्याला ‘थोरला दवाखाना’ म्हणतात ते छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय (सीपीआर) असो वा एखादे खासगी इस्पितळ, अर्धांगवायू झालेला किंवा खुब्याचे हाड मोडलेला रुग्ण काही दिवसांनी घरी पाठवला जातो. खरी दीर्घ देखभाल तिथून पुढे सुरू होते, आणि ती बहुधा माजघरातल्या लोखंडी खाटेवर चालते. वृद्धाश्रमांची सोय त्यामानाने थोडी आहे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांसाठी निवासाची तरतूद आहे.

शय्याव्रण : सतत पडून राहिल्याने होणारी जखम, या कामातला सर्वांत महत्त्वाचा विषय. एकाच जागी दाब राहिला की त्वचेखालचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत जखमेची सुरुवात होऊ शकते. माकडहाड, टाचा, खुबे, खांद्याची पाती आणि डोक्याची मागची बाजू या धोक्याच्या जागा. लाल झालेल्या जागी बोट दाबून सोडावे. लाली क्षणभरही फिकी पडली नाही, तर ती पहिली पायरी समजावी. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हाताला लागणारा गरमपणा किंवा घट्टपणा पाहावा. खाटेवरच्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, पाठीमागे उशी देऊन सुमारे ३० अंश कलते ठेवावे, गुडघ्यांमध्ये उशी घालावी आणि पोटरीखाली आधार देऊन टाचा अधांतरी ठेवाव्यात. हवेची गादी आणली म्हणून कूस बदलणे थांबत नाही. वर सरकवताना रुग्णाला फरफटू नये. खालच्या चादरीला धरून दोघांनी उचलावे. लाल जागेवर स्पिरिट-पावडर चोळण्याची जुनी सवय अजून सुटलेली नाही, पण चोळल्याने आतला नाजूक भाग आणखी दुखावतो. रबरी रिंगणावर बसवणेही टाळावे, कारण रिंगणाच्या कडेचा दाब भोवतालचे रक्त अडवतो.

मज्जारज्जूला इजा झालेल्यांना इजेच्या खालच्या भागात बहुधा वेदनाच कळत नाही, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा धोका आयुष्यभराचा असतो. किशोरवयात कमरेखालचा भाग लुळा पडलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला दया नको, योग्य मदत हवी, ही जाण या शहरात रुजण्यात त्या कामाचा मोठा वाटा आहे.

भरवणे : रुग्णाला शक्य तितके ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली ठेवावी, घास लहान द्यावा आणि तो गिळल्याची खात्री करूनच पुढचा द्यावा. जेवणानंतर निदान अर्धा तास आडवे करू नये. पक्षाघातानंतर घट्ट अन्नापेक्षा पातळ पदार्थ अनेकदा अधिक धोक्याचे ठरतात, कारण ते घशात वेगाने उतरतात. म्हणून ‘अंगात ताकद येऊ दे’ म्हणत प्रेमाने पाजलेला पांढरा रस्सा ठसका लागून फुप्फुसात जाऊ शकतो. जेवताना खोकला येणे, आवाज घोगरा-ओला होणे, घास गालात साठणे ही लक्षणे दिसली की भरवणे थांबवून कळवावे. नळीने अन्न देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच हवी.

उठवणे-बसवणे : आधी चाकाच्या खुर्चीचा ब्रेक लावावा. खुर्ची रुग्णाच्या धडधाकट बाजूला ठेवावी. लुळा हात धरून ओढल्यास खांदा निखळू शकतो. झोपेतून थेट उभे न करता मिनिट-दोन मिनिटे खाटेच्या कडेला बसवावे, नाहीतर रक्तदाब उतरून चक्कर येते. सदरा चढवताना आधी लुळा हात घालावा, काढताना आधी चांगला. वजन उचलताना सहाय्यकाने स्वतःचे गुडघे वाकवावेत, कंबर नव्हे.

स्वच्छता आणि लाज : लघवीच्या नळीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली लटकवावी, पण जमिनीला टेकू देऊ नये. स्त्रियांची स्वच्छता पुढून मागे करावी. प्रत्येक रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवावेत. दार लोटून घेणे, जेवढे अंग पुसायचे तेवढेच उघडणे, आणि ‘आबा, कूस बदलूया काय?’ असे विचारूनच हात लावणे याला जादा वेळ लागत नाही. जन्मभर डोक्यावरचा पदर न ढळलेल्या आजीला परक्या हातांनी अंघोळ घातली जाणे किती जड जात असेल, हे प्रशिक्षणात आधी शिकवायला हवे.

निरीक्षण : डॉक्टर काही मिनिटे पाहतात, सहाय्यक बारा तास पाहतो. वृद्धांमध्ये जंतुसंसर्ग झाला तरी ताप येईलच असे नाही. एकाएकी भ्रमिष्टासारखे बोलणे, जेवण नाकारणे किंवा गुंगी हीच पहिली खूण असू शकते. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने वाढतो. कालपर्यंत ओळखणारी आजी आज ओळखत नसेल, तर ते ‘वयाचं आहे’ म्हणून सोडू नये. मधुमेही रुग्णाला दरदरून घाम आणि थरथर सुटली तर शुद्धीत असताना साखरपाणी द्यावे. बेशुद्धावस्थेत तोंडात काहीही घालू नये. नोंदवहीत ‘रात्र बरी गेली’ एवढ्याचा उपयोग नसतो. ‘पहाटे ४ ला डावी कूस, उजवी टाच लाल, लघवी गढूळ’ ही खरी नोंद. तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोबडे बोलणे ही पक्षाघाताची लक्षणे दिसताच दवाखाना गाठावा. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तो वेळ रुग्णाला शेवटचे ठणठणीत पाहिल्यापासून मोजतात. दवाखान्यात पोहोचताच डॉक्टर तेच विचारतात, आणि पुष्कळदा ती वेळ फक्त मावशीलाच सांगता येते.