मोठ्या फर्मची सही म्हणजे हिशेब चोख?

वर्षानुवर्षं चालत आलेला समज: फर्म मोठी, तर ऑडिट पक्कं; कारण चुकीच्या ऑडिटबद्दल कोर्टात दावा लागला की तिचंच जास्त बुडतं. यात तथ्य आहे. ग्राहक शेकडो असले की एखाद्याला ठाम नकार देणंही परवडतं. पण प्रत्यक्ष ऑडिट एका शाखेतली एक टीम करते, आणि त्या शाखेसाठी तोच ग्राहक डोंगराएवढा असू शकतो. आर्थर अँडरसन जगातल्या पाच बड्या फर्मपैकी होती. पुढे हिशेबाच्या घोटाळ्यात बुडालेल्या एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीची ऑडिटर तीच; एन्रॉनने तिला २००० साली सुमारे ५.२ कोटी डॉलर दिले, त्यातले निम्म्याहून जास्त ऑडिटबाहेरच्या कामाचे!

दाव्याचा धाकही अति झाला की फायली फुगतात, तपासणी नव्हे. म्हणून विचारा: येणेबाकीची खात्रीपत्रं (‘तुम्ही कंपनीला एवढे पैसे देणं लागता, हे बरोबर का?’ असं देणेकऱ्यांना विचारणारी पत्रं) ऑडिटरने स्वतः पाठवली का, उत्तरं थेट त्याच्याकडेच आली का? पत्रं कंपनीच्या हातून गेली, तर खोटी बाकीसुद्धा ‘बरोबर’ म्हणून परत येऊ शकते.