डिक्कीतला सीडी चेंजर गेला आणि पेन ड्राइव्ह आला, त्याच्या मागची गोष्ट

जळगाव-धुळ्याकडं मुंबई, पुणे नाहीतर सुरतेहून आलेली जुनी सेडान कोणी घेतली की कधी कधी डिक्कीच्या साइडला कार्पेटच्या मागं एक काळा डबा निघतो, बुटाच्या खोक्याएवढा, पुढं सरकणारं झाकण असलेला. नवीन मालक पहिला प्रश्न हाच विचारतो की हे काय आहे भो, काढून टाकू का. तो सीडी चेंजर असतो, म्हणजे बऱ्याच सीडी आत ठेवून हवी ती आपोआप बदलून वाजवणारं यंत्र. डबा खुशाल काढा, पण त्याच्या मागून डॅशबोर्डपर्यंत जी वायर गेलीय ती कापू नका, कारण त्या गाडीत नवीन जमान्याचं गाणं घुसवायचा सगळ्यात चांगला रस्ता तीच वायर आहे. हे असं का, ते समजायला थोडं मागं जावं लागतं.

गाडीत गाणं वाजवायची हौस फार जुनी. अमेरिकेत १९३० मध्ये गॅल्विन कंपनीनं मोटोरोला नावाचा कार रेडिओ बाजारात आणला. १९५६ मध्ये क्रायस्लरनं तर चालत्या गाडीत चक्क रेकॉर्ड प्लेयर बसवून दिला, मिनिटाला १६⅔ फेरे घेणाऱ्या खास तबकड्यांचा, आणि अर्थात तो काही फार टिकला नाही. मग १९६५ ला फोर्डच्या गाड्यांत एट-ट्रॅक नावाच्या टेपचे जाड खोके आले, आणि त्यांनाही पुढं गिळलं ते फिलिप्सच्या कॅसेटनं, जी १९६३ मध्येच निघालेली होती. आपल्याकडं रेकॉर्ड प्लेयर आणि एट-ट्रॅक म्हणजे ऐकीव गोष्टी, आपली सुरुवात डायरेक्ट कॅसेटपासून. फियाट, अ‍ॅम्बेसेडर, नंतर मारुती ८००, आणि ऐंशीच्या दशकात टी-सीरिजनं कॅसेट इतकी स्वस्त केली की पानटपरीवरसुद्धा कॅसेट मिळायला लागली. अहिराणी लग्नाची गाणी, कानबाईची गाणी, भजनं, हे सगळं गाडीत पोचलं ते कॅसेटमुळं. सुरत-नागपूर हायवेवर ट्रकच्या केबिनमध्ये टेप नाही असं क्वचितच असायचं.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, ती म्हणजे टेपच्या खाचेचं माप. जर्मनीच्या डिन या मानक संस्थेनं ते ठरवून दिलं, साधारण १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच, पुढं ते आंतरराष्ट्रीय मानक झालं आणि जगभर बऱ्याच गाड्यांत हेच भोक आलं. त्यामुळं कुठल्याही कंपनीचा टेप अशा कुठल्याही गाडीत बसायचा, दोन पत्र्याच्या पट्ट्या सरकवल्या की जुना बाहेर, नवीन आत. आपल्या ऑटो इलेक्ट्रिशियन लोकांचा अर्धा धंदा या एका मापावर चालला असं मला तरी वाटतं.

आता सीडी. सोनी आणि फिलिप्सनं मिळून बनवलेली सीडी १९८२ मध्ये विकायला आली, १२ सेंटिमीटरची तबकडी, ७४ मिनिटांचं संगीत. दोनच वर्षांत, १९८४ ला, पायोनियर आणि सोनीनं गाडीत बसणारे सीडी प्लेयर काढले. आवाज एकदम स्वच्छ, रिवाइंडची कटकट नाही, पण अडचण अशी की भोक एक आणि सीडी एक, चालत्या गाडीत एका हातानं कव्हर उघडायचं, जुनी सीडी काढायची, नवी टाकायची, हे म्हणजे अपघाताला आमंत्रण. यावर तोडगा म्हणून ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात चेंजर आला. डॅशबोर्डमध्ये फक्त बटणं, आणि खरं यंत्र मागं डिक्कीत किंवा सीटखाली. एका मॅगझिनमध्ये, म्हणजे सीडी रचायच्या पेटीत, सहा, दहा, काहींत बारा सीडी भरायच्या, मॅगझिन डब्यात खटकन बसवायचं आणि पुढं बसून १ ते ६ बटणं दाबायची. सहा सीडी म्हणजे सलग सातेक तास, जळगावहून मुंबईला जाताना एकही गाणं रिपीट न होता आरामात पोचता येईल एवढं.

पण यंत्र नाजूक. आत लेझरची भिंग, सीडी उचलून ठेवणारा हात, आणि सगळं स्प्रिंगवर तरंगतं ठेवलेलं. विकताना ते हलू नये म्हणून बाहेरून ट्रान्झिट स्क्रू मारलेले असायचे, ते बसवताना काढायचे असतात, आणि डबा आडवा बसवलाय की उभा यानुसार बाजूची खुंटी फिरवून स्प्रिंगचा अँगल बदलायचा असतो. बसवणाऱ्याला हे माहीत नसलं की गाडी प्रत्येक खड्ड्यात गाणं सोडायची आणि शिव्या खायची कंपनी. त्यात आपल्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ, भिंगावर बसली की सीडी वाचायलाच तयार नाही. आणि ऊन! भुसावळ-जळगावात मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या पुढं जातो, बंद गाडीच्या आत काय होत असेल विचार करा. वाकडी झालेली सीडी मॅगझिनमध्ये अडकायची आणि एकदा अडकली की डबा उघडल्याशिवाय सुटका नाही.

तसा खान्देशात चेंजर फार जणांकडं नव्हताच. डॉक्टर, कंत्राटदार, रावेर-यावलकडचे केळीचे मोठे व्यापारी अशा लोकांच्या गाड्यांत दिसायचा, आणि बाकीचे डिक्की उघडून दाखवल्यावर बघायचे. पुढं कॉम्प्युटर क्लास आणि फोटो स्टुडिओवाले सीडी राइट करून द्यायला लागले तेव्हा आणखी एक गंमत झाली, घरी राइट केलेली सीडी कंपनीच्या छापील सीडीएवढा प्रकाश परत फेकत नाही, म्हणून जुने चेंजर ती ओळखतच नव्हते. काही जण हौसेनं सीडीवर कागदी स्टिकर चिकटवायचे, उन्हानं त्याचा गोंद सुटला की आणखी एक मॅगझिन जाम.

गाण्याची दाबून छोटी फाइल करणाऱ्या एमपीथ्रीनं हा सगळा खेळ उलटवला. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबर्ग आणि मंडळींनी यावर बरीच वर्षं काम केलं होतं, आणि फाइलच्या नावामागं लागणारं ते शेपूट १९९५ च्या जुलैमध्ये पक्कं झालं. हिशोब सोपा आहे, सीडीवर एका सेकंदाला १४११ किलोबिट लागतात, एमपीथ्री १२८ मध्ये भागवते, म्हणजे साधारण अकरा पट कमी. मिनिटाला जेमतेम एक एमबी. ७०० एमबीच्या एका सीडीत सव्वाशे-दीडशे गाणी, म्हणजे सहा सीडीच्या अख्ख्या चेंजरपेक्षा जास्त माल एका तबकडीत. १९९८ ला खिशातले पहिले एमपीथ्री प्लेयर आले, २००१ च्या ऑक्टोबरमध्ये ५ जीबीचा आयपॉड आला, आणि गाडीवाल्यांना साहजिकच प्रश्न पडला की आता हे गाडीत वाजवायचं कसं.

इंग्लंडमध्ये १९९९ साली एम्पेग नावाचा प्लेयर निघाला, आत लॅपटॉपची हार्ड डिस्क आणि लिनक्स ही कॉम्प्युटरची सिस्टीम, आणि बसायचा थेट टेपच्या खाचेत. भारी वस्तू, पण महाग, आणि फार चालली नाही. त्याहून डोकेबाज होता फॅटनॉइज कंपनीचा फॅटबॉक्स. त्यांनी टेपला हातच लावला नाही. चेंजर काढायचा, त्याच जागी, त्याच वायरवर हार्ड डिस्कचा डबा लावायचा, आणि त्या डब्यानं गाडीला सांगायचं की मीच सीडी चेंजर आहे.

आता ही जी बतावणी आहे ना, ती नीट समजून घेण्यासारखी आहे. टेपच्या मागच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडायच्या सॉकेटमध्ये, चेंजरसाठी वेगळ्या पिना असतात, युरोपियन गाड्यांत बहुतेक निळ्या रंगाचा आठ पिनांचा छोटा कपलर. डाव्या-उजव्या चॅनेलचा आवाज, अर्थिंग, बारा व्होल्ट, आणि डेटाच्या एक-दोन वायरी. टेप चालू झाला की डेटाच्या वायरीवरून विचारतो, कोणी आहे का? चेंजरनं सांगायचं, आहे, सहा सीडी भरल्यात, आता एक नंबरची सीडी, पाचवं गाणं, दोन मिनिटं तेरा सेकंद झाले. हे उत्तर सतत येत राहिलं तरच टेप आवाजाच्या पिना उघडतो. नुसती मोबाइलची वायर त्या आवाजाच्या पिनांना जोडली तर काही वाजत नाही ते यामुळंच, टेपला वाटतं मागं कोणी नाहीच. आणि ही भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी, सोनीची युनिलिंक, पायोनियरची आयपी-बस, टोयोटाची आणखी तिसरी. म्हणून एका गाडीचा अ‍ॅडॉप्टर दुसऱ्या गाडीत चालत नाही, आणि दुकानदार चालतो म्हणाला तरी गाडीचं मॉडेल आणि टेपचा नंबर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

पण गाण्याचं नाव डिस्प्लेवर कसं दाखवणार, जुन्या टेपला तर फक्त आकडे कळतात. फॅटबॉक्सनं यावर उपाय केला तो म्हणजे प्लेलिस्टचं नाव बोलून सांगायचं. २००४ मध्ये बीएमडब्ल्यूनं अ‍ॅपलबरोबर आयपॉडचा अ‍ॅडॉप्टर काढला, त्यातसुद्धा चेंजरचीच बटणं आणि त्या बटणांवर आयपॉडच्या प्लेलिस्ट.

ज्यांच्याकडं चेंजरची सोयच नव्हती त्यांनी आणखी स्वस्त युक्त्या केल्या. कॅसेटच्या आकाराचा अ‍ॅडॉप्टर, ज्याच्या आत टेपची पट्टीच नसते, टेपच्या हेडसमोर एक छोटं हेड बसवलेलं असतं आणि बिचारा टेप कॅसेट समजून वाजवत बसतो. किंवा लायटरच्या भोकात लावायचा एफएम ट्रान्समीटर, जो स्वतःच एक चिमुकलं रेडिओ स्टेशन होतो. हा ट्रान्समीटर आपल्याकडं मुंबईपेक्षा बरा चालायचा, कारण इथं स्टेशनं मोजकी आणि मोकळी फ्रिक्वेन्सी पटकन सापडते, तेच ठाण्याच्या पुढं गेलं की खरखर आणि मधूनच दुसऱ्याचं गाणं. आवाजाच्या बाबतीत मात्र यातलं काहीच चेंजरच्या वायरीची बरोबरी करत नाही.

खान्देशात मात्र बहुतेकांनी या सगळ्या कसरती केल्याच नाहीत, सरळ टेप उपटून टाकला. खाच डिनच्या मापाची, मग अडचण काय? सुमो, बोलेरो, इंडिका, सगळीकडं आधी एमपीथ्री सीडी वाजवणारा डेक आला आणि लगेच मागून यूएसबीवाला, ज्यात सीडीची जागाच नाही. गाणी भरून द्यायचा धंदा जोरात चालला, जळगावच्या गोलाणी मार्केटपासून तालुक्याच्या स्टँडपर्यंत मोबाइलच्या दुकानांवर ‘मेमरी कार्ड, पेन ड्राइव्हमध्ये गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या. मालकी हक्काचा विचार कोणी केला असेल तर नवलच. काळीपिवळीच्या ड्रायव्हरकडं एक पेन ड्राइव्ह लग्नाच्या सीझनचा आणि एक रोजचा. गावाकडच्या ज्या गायकांची सीडी कुठल्या मोठ्या कंपनीनं कधी काढली नसती त्यांची अहिराणी गाणी अशी पेन ड्राइव्हवरून पेन ड्राइव्हवर फिरत राहिली, आणि माझ्या मते या बदलाचा आपल्याला झालेला सगळ्यात मोठा फायदा हाच.

अडले ते फक्त महागड्या गाड्यावाले. त्यांच्या गाड्यांत टेप डॅशबोर्डच्या आकारातच घडवलेला, स्टेअरिंगवरची बटणं त्याला जोडलेली, आणि काढून परत लावला की सेफ्टी कोड मागतो, तो कोड पहिल्या मालकाच्या कपाटात. शोरूमवाला ऐकत नाही, टेप फेकायला जीव होत नाही. अशा गाड्यांसाठी चायनाचे छोटे डबे आले, फॅटबॉक्सचीच आयडिया पण हार्ड डिस्कच्या जागी पेन ड्राइव्ह आणि कार्ड. फिरणारं काही नाही, म्हणून धूळ आणि खड्ड्यांचा प्रश्न संपला. पेन ड्राइव्ह फॅट ३२ मध्ये फॉरमॅट करायचा, त्यात सीडी०१, सीडी०२ असे सहा फोल्डर करायचे, एकात ९९ पेक्षा जास्त गाणी टाकायची नाहीत कारण टेपच्या डिस्प्लेला दोनच आकडे दाखवता येतात. गाणी नावाप्रमाणे न लागता कॉपी केल्याच्या क्रमानं लागतात बऱ्याच डब्यांत, म्हणून ओळीनं हवी असतील तर एक-एक फोल्डर क्रमानं कॉपी करा.

२०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि पेन ड्राइव्ह भरून देणाऱ्यांच्या पाट्यासुद्धा उतरल्या. आता फोन, ब्लूटूथ, नाहीतर मोठ्या स्क्रीनचा अँड्रॉइड स्टिरिओ. तरी त्या जुन्या निळ्या कपलरवर बसणारी ब्लूटूथची मॉड्यूल अजून मिळतात, आणि फोनवरून काहीही वाजत असलं तरी बऱ्याच टेपच्या डिस्प्लेवर सीडी १, ट्रॅक १ असंच दिसतं. बसवून घेणार असाल तर आधी गाडी चालू ठेवून चेंजरमधलं मॅगझिन बाहेर काढून घ्या, कारण एकदा वायर सुटली की पॉवर जाते आणि ते बटणानं बाहेर येत नाही, आणि आधीच्या मालकाच्या सहा सीडी आतच राहतात.